सिव्हिलच्या शाखा: कोण काय पाहतं आणि काम कुठे अडतं

बार्शीच्या एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलीला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय. आमच्याकडे सिव्हिल म्हणजे बिल्डरच्या साइटवर उभं राहायचं नाहीतर पीडब्ल्यूडीत नोकरी, एवढंच माहीत. यात शाखा कोणत्या? त्या त्या शाखेतली माणसं नेमकं काय करतात? आणि निवड कशी करायची?"

मी जमीन आणि पाया या विषयातली. माती-खडक तपासणं, पाया कसला आणि किती खोल घ्यायचा ते ठरवणं, डोंगराचा उतार घसरणार नाही असं बघणं, हे काम तीस वर्षांहून जास्त काळ करते आहे. त्यामुळे उत्तरात मातीला जास्त जागा मिळेल, हे धरूनच वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी यावरूनच काळजी असते. पदवीला शाखा निवडावी लागत नाही. बी.टेक. सिव्हिलच्या चार वर्षांत बांधकाम साहित्य, सर्वेक्षण, माती, काँक्रीट, पाणी, रस्ते, सांडपाणी हे सगळं सगळ्यांनाच शिकावं लागतं. शेवटी दोन-चार ऐच्छिक विषय येतात. खरी निवड एम.टेक.ला होते, किंवा पहिल्या-दुसऱ्या नोकरीत आपोआप होऊन जाते. तेव्हा आज काही ठरवायचं नाही. पण कोणत्या दिशा आहेत ते आधी कळलं, तर चार वर्षं डोळे उघडे ठेवून शिकता येतं.

पुस्तकात शाखांची यादी मिळेल: स्ट्रक्चरल, जिओटेक्निकल (जमीन आणि पाया, म्हणजे माझी), जलसंपदा, वाहतूक, पर्यावरण, बांधकाम व्यवस्थापन, सर्वेक्षण. यादी बरोबर आहे. पण ती वाचून वाटतं की हे सात वेगळे धंदे आहेत. प्रत्यक्ष जमिनीवर धरण एकच असतं, पूल एकच असतो, आणि त्यात ह्या सगळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. म्हणून यादीऐवजी पुण्याजवळच्या एका धरणापासून सुरुवात करते.

12 जुलै 1961 च्या सकाळी आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खाली खडकवासल्याचं एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरणही टिकलं नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेतचं काम तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू दिलं गेलं. मातीच्या धरणाच्या पोटातून पाणी सोडायला एक मोरी असते, तिला विमोचक म्हणतात. पानशेतच्या विमोचकाची दारं चालवणारी यंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती आणि मोरीच्या काँक्रीटला हव्या त्या लोखंडी सळया नव्हत्या. धरणात पाणी चढत गेलं तशी मोरी कधी अर्धी, कधी काठोकाठ भरून वाहू लागली आणि तिला हादरे बसू लागले. तिच्यावरचा भराव खचायला लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी खचलेल्या जागेवरून पाणी पलीकडे गेलं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून एकदा पाणी वाहू लागलं की ते वाचवणं जवळपास अशक्य असतं. पाणी माती कापत जातं आणि कापलेल्या वाटेतून आणखी जोरात येतं.

आता हीच घटना शाखांच्या नजरेने बघा. आंबीच्या पाणलोटात जास्तीत जास्त किती पाऊस येईल, हा जलशास्त्राचा प्रश्न. अर्धवट उघड्या दारातून मोरीत शिरलेलं पाणी कसं वागेल, हा हायड्रॉलिक्सचा. भरावाचं ओझं आणि आतले हादरे मोरीला पेलतील का, हा स्ट्रक्चरलचा. ताजा भराव किती बसेल, मोरीच्या कडेने पाणी वाट काढेल का, हा जिओटेक्निकलचा. पावसाळ्याआधी कोणतं काम पुरं झालंच पाहिजे, आणि झालं नाही तर पाणी अडवायचं की नाही, हा बांधकाम व्यवस्थापनाचा. यातला एकही प्रश्न 1961 मध्ये अनुत्तरित नव्हता. पण मोरी अपुरी असताना वेळापत्रक पुढे रेटलं, तर एका शाखेतली उणीव दुसऱ्या शाखेच्या डोक्यावर जाऊन बसते. मी पाहिलेल्या आणि अभ्यासलेल्या बहुतेक अपघातांत हेच दिसलं आहे. प्रत्येक शाखेचं गणित आपापल्या जागी चुकीचं नसतं. दोन शाखांच्या सांध्यावर उभं राहून बघणारं कोणी नसतं.

तुमच्या भागाकडे येते. बार्शी, सोलापूर, लातूर म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दोन पाऊस झाले की त्या मिटतात. शेतकऱ्याला ही माती सोन्यासारखी, पण घर बांधणाऱ्याला तिचा फार त्रास. तिच्यात पाणी धरून फुगणारी चिकणमातीची खनिजं असतात. पावसाळ्यात ती पाया वर उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. भिंतीच्या कडेला माती लवकर सुकते, घराच्या मध्याखाली ओल टिकते. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरा जातात. मालक गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला; दोष बहुतेक वेळा जमिनीखाली असतो. शिवाय हा त्रास चारमजली इमारतीपेक्षा बैठ्या घराला जास्त होतो. मोठ्या इमारतीचं वजन मातीच्या फुगण्याला दाबून धरतं, हलक्या घरात तेवढं वजनच नसतं. लोक उलट समजतात. एकमजली तर बांधायचं आहे, माती कशाला तपासायची, असं म्हणतात.

ही माती किती फुगेल हे बघण्याची चाचणी तुमच्या लेकीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करावी लागेल. मला आजही ती आवडते, कारण एवढ्या साध्या साधनांत इतकं स्पष्ट उत्तर देणाऱ्या चाचण्या कमी आहेत. माती वाळवून बारीक चाळायची आणि 10-10 ग्रॅमचे दोन भाग करायचे. 100 मिलिलिटरच्या दोन काचेच्या नळ्या घ्यायच्या. एकीत पाणी भरायचं, दुसरीत रॉकेल. दोन्हींत माती सोडायची, ढवळून हवा काढायची आणि 24 तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, नुसती तळाशी बसते. पाण्यातली माती वर चढलेली दिसते. दोन्हींच्या उंचीतला फरक टक्क्यांत मांडला की झालं. हा आकडा 50 च्या वर गेला की आम्ही सावध होतो, आणि अस्सल काळ्या मातीत तो सहज त्यापलीकडे जातो. त्यावरून ठरतं की माती काढून मुरूम भरायचा, की पाया खाली न्यायचा, की अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुळवलेली ही पद्धत आहे. जमिनीत सुमारे 3.5 मीटर खोल, म्हणजे ओल-सुकीचा फेरा जिथे जाणवत नाही तिथपर्यंत भोक घ्यायचं आणि तळाशी ते फुगवून कंदासारखं रुंद करायचं. वरची माती उचलायला लागली तरी खालचा कंद खांबाला धरून ठेवतो. कालव्यांची अस्तरं याच मातीमुळे फुटत. त्यावर आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी उपाय दिला: काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर दाबून घ्यायचा आणि अस्तर त्यावर करायचं. आपल्या मातीसाठी आपल्याच प्रयोगशाळेत निघालेलं हे उत्तर आहे, आणि ते वर्गात अभिमानाने शिकवलं गेलं पाहिजे असं मला वाटतं.

आमच्या कामाचा दुसरा भाग म्हणजे बोअर, जमीन तपासायला घेतलेलं खोल भोक. तिकाटण्यावरून 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडत नळी जमिनीत ठोकायची. नळी 45 सेंटिमीटर उतरवायची आणि शेवटच्या 30 सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजायचे. या आकड्यावर कोट्यवधींचे पाये ठरतात. पण ठोके नोंदणारा माणूस झाडाखाली बसून अंदाजे आकडा लिहीत असेल, तर पुढचं सगळं संगणकी गणित व्यर्थ. मी नवीन मुलांना पहिले काही महिने बोअरजवळच उभं करते, ते यासाठी. आणखी एक सांगते. बोअर मे महिन्यात घेतला तर जमिनीतलं पाणी खोल दिसतं. त्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये ते हाताशी येतं. अहवालात तारीख वाचल्याशिवाय पाण्याची पातळी वाचू नये.

डोंगर-उतारांचं कामही आमच्याकडेच. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, आणि त्यानंतर तळिये, इर्शाळवाडी. सह्याद्रीत घट्ट बेसॉल्टवर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर असतो. सलग मोठा पाऊस झाला की त्या थरातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, पाण्याचा दाब वाढतो आणि कणांना एकमेकांवर धरून ठेवणारं घर्षण कमी होतं. उताराची खालची बाजू कापली असेल किंवा पाण्याच्या वाटा बुजवल्या असतील, तर धोका आणखी वाढतो. या विषयात माणसं फार कमी आहेत आणि गरज फार आहे. लेकीला डोंगर चढायची आवड असेल तर हे जरूर सांगा.

स्ट्रक्चरल ही सगळ्यांना माहीत असलेली शाखा. इमारत दिसायला कशी असावी ते आर्किटेक्ट ठरवतो. ती उभी कशी राहील ते स्ट्रक्चरल इंजिनिअर. स्लॅबवरचं वजन बीमवर, बीमचं कॉलमवर, कॉलमचं फुटिंगवर आणि तिथून जमिनीत कसं जाईल, ही वाट त्याने आखायची. पण उभं वजन हा सोपा भाग. परीक्षा असते आडव्या धक्क्याची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हापासून वाचवणारं तेच छत झोपेतल्या माणसांवर आलं. पुढे 2002 मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला.

एक बारीक गोष्ट दाखवते, जी लेकीला कुठल्याही चालू साइटवर पाहता येईल. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती लोखंडाच्या रिंगा असतात. रिंगेची दोन्ही टोकं जिथे मिळतात तिथे आकडा असतो. फिटरला तो 90 अंशांत वाकवणं सोपं जातं. भूकंपासाठीची भारतीय मानकं सांगतात की तो 135 अंशांत वाकवून कॉलमच्या गाभ्यात शिरला पाहिजे. भूकंपात कॉलमचं बाहेरचं काँक्रीट आधी उडतं. ते उडालं की 90 अंशांचा आकडा उघडतो, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. 135 अंशांचा आकडा गाभ्यात रुतलेला असल्यामुळे सुटत नाही. एका रिंगेला दोन-तीन सेकंदांचं जास्तीचं काम, आणि त्यावर सबंध इमारत. इमारतीच्या ड्रॉइंगमध्ये हे बहुतेक वेळा बरोबर काढलेलं असतं. साइटवर स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी आत डोकावून बघणारं कोणी आहे का, हा प्रश्न असतो.

26 जानेवारी 2001 चा भूकंप कच्छमध्ये झाला, पण दोनशेहून जास्त किलोमीटर दूर अहमदाबादमध्ये इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर भिंतींमुळे ताठ, खाली नुसते कॉलम. सगळं झुकणं त्या एका मजल्यावर आलं. शिवाय खालचा गाळाचा जाड थर दुरून येणाऱ्या लाटा वाढवतो. म्हणजे हाही सांधाच आहे, स्ट्रक्चरल आणि मातीमधला.

कोयनेचं उदाहरण याहून महत्त्वाचं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. धरण 103 मीटर उंच. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डिझाइनमध्ये भूकंपाचं आडवं बल वजनाच्या 5 टक्के धरलेलं होतं. धरणाच्या आतल्या यंत्रावर जे नोंदलं गेलं ते गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या, म्हणजे 50 टक्क्यांच्या, आसपास होतं. धरण उभं राहिलं, पाणी सुटलं नाही. पण माथ्यापासून सुमारे 36 मीटर खाली, जिथे मागच्या, म्हणजे पाण्याच्या पलीकडच्या, बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे आडवे तडे गेले. नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं. आकार अचानक बदलतो तिथे ताण गोळा होतो, हा धडा जगभरच्या धरणांच्या अभ्यासात कोयनेच्या नावाने शिकवला जातो. धरण मात्र पाणी अडवण्यासाठी होतं, स्ट्रक्चरल लोकांसाठी नव्हे, म्हणून आता पाण्याकडे वळते.

पाण्याच्या शाखेत दोन प्रकारची माणसं असतात. एक किती पाणी येईल ते काढणारी, दुसरी आलेलं पाणी कसं वाहील ते काढणारी. पहिल्यांचं काम सगळं शक्यतेवर चालतं. '100 वर्षांत एकदा येणारा पूर' म्हणजे आज आला तर पुढची शंभर वर्षं निवांत, असं लोक धरतात. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का. पन्नास वर्षं टिकणाऱ्या बांधकामाच्या आयुष्यात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास 40 टक्के निघते. नदीकाठी पूररेषेच्या आत घर घेणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब ठाऊक असायला हवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होती, तीही भरतीची वेळ नसेल तर. नंतर ही क्षमता दुप्पट करण्याची कामं हाती घेतली गेली, तरी त्या दिवसापुढे तीही अपुरी पडली असती.

पाणी कसं वाहील हे पाहायला लहान प्रतिकृती करतात. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था 1916 पासून हे काम करते. धरणाचा सांडवा, बंदराचा बंधारा, नदीचं वळण सगळं अंगणाएवढ्या जागेत रचून त्यात प्रत्यक्ष पाणी सोडतात. संगणकावरची प्रारूपं आता खूप पुढे गेली आहेत, तरी फेसाळणारं, हवा मिसळलेलं पाणी बघायला प्रतिकृती अजून लागते. कॉलेजची सहल तिथे जात असेल तर लेकीने ती चुकवू नये.

या शाखेतलं सगळंच काही प्रचंड नसतं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुम्ही पाहिला असेल. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी बर्गे काढायचे म्हणजे पुराला वाट मोकळी. रचना साधी, खर्च कमी. पण बर्गे वेळेवर काढणारा माणूस हवा. ते राहून गेले तर त्याच बंधाऱ्यामुळे पाणी शेतात शिरतं आणि काठ तुटतो.

पूल ही तर सगळ्या शाखांची बैठक. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं पाण्यात गेली. अशा पुलांचा खरा शत्रू वरची वाहनं नसतात. पुरात नदी खांबाच्या बुडाशी भोवरे करते आणि तळातली वाळू-माती उकरून नेते. पूर ओसरला की खड्डा गाळाने पुन्हा भरतो, आणि उन्हाळ्यात तपासणीला गेलेल्या माणसाला सगळं ठाकठीक दिसतं. किती उकरलं जाईल हे पाण्याच्या शाखेने सांगायचं, पाया त्याखाली किती न्यायचा हे आम्ही, वरचा पूल स्ट्रक्चरलने आणि त्यावरून किती वाहनं जातील ते वाहतूकवाल्यांनी. जुन्या पुलांची पाण्याखालची तपासणी आज आपल्याकडची फार मोठी गरज आहे, आणि या कामाला कुणी स्वतःहून पुढे येत नाही, कारण त्यात उद्घाटन नसतं.

वाहतूक शाखेबद्दल दोन गोष्टी. चढ किती ठेवायचा यावर सबंध मार्गाचं रूप ठरतं. 1863 मध्ये बोरघाटात रेल्वे चढवली ती 37 फुटांना 1 फूट चढाने, म्हणून आजही तिथे गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. कोकण रेल्वेला 150 ला 1 एवढाच चढ ठेवायचा ठरला. कोकणात एवढा सौम्य चढ ठेवायचा तर डोंगराला वळसा घालता येत नाही, तो फोडावाच लागतो. म्हणून त्या मार्गावर 91 बोगदे आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवर 60 मीटरहून उंच पूल आला. गोव्यात पेडण्याला बोगदा खडकात न येता पाणी धरलेल्या मऊ मातीत आला आणि खोदलेलं पुन्हा पुन्हा ढासळत राहिलं. रेषा आखणारे वाहतुकीचे, ती पार पाडताना झगडणारे आम्ही.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, ढोबळमानाने सोळापट होतं. उसाच्या आणि वाळूच्या जादा भरलेल्या गाड्या जातात तो रस्ता दोन वर्षांत का उखडतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं पाण्यात. डांबराखाली खडी-मुरमाचे थर असतात आणि कडेला गटार नसेल तर ते भिजून मऊ होतात. खड्डा वरून दिसतो, पण सुरू झालेला असतो खालून. चौक, सिग्नल, पादचारी, बस यांचा अभ्यास करणारी वाहतूक नियोजनाची वेगळी फळी याच शाखेत आहे आणि शहरांना तिची नितांत गरज आहे.

पर्यावरण अभियांत्रिकी म्हणजे झाडं लावणं असा समज असतो. खरं काम नळाचं पाणी आणि सांडपाणी. माणशी रोज 135 लिटर धरून शहराची योजना आखायची, तुरटीने गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातून गाळायचं, क्लोरीन द्यायचं, आणि शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे हे बघायचं. ग्रामपंचायतीचा कर्मचारी पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघतो, ती हीच तपासणी. मैलापाण्याच्या नळाला उतार असा द्यावा लागतो की पाणी सेकंदाला निदान 60 सेंटिमीटर वेगाने जाईल, नाहीतर गाळ तळाशी बसून नळ तुंबतो. नळ कमी उताराने टाकले तर ते काम पुढची कित्येक वर्षं माणसांना मॅनहोलमध्ये उतरायला लावतं. माझ्या मते ही शाखा सगळ्यात जास्त जीव वाचवते आणि सगळ्यात कमी प्रसिद्धी मिळवते.

बांधकाम व्यवस्थापनात वेळ, पैसा, माणसं आणि सुरक्षितता. टेंडर, एस्टिमेट, एमबीतली (मोजमाप वहीतली) मोजमापं, रनिंग बिल, काँक्रीटची ताकद तपासायचे 28 दिवसांचे ठोकळे, म्हणजे क्यूब, मुकादमाशी बोलणं. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू बघा. किनाऱ्यावर तुकडे ओतून ते समुद्रात नेऊन बसवायचे तर भरती-ओहोटी, क्रेन आणि पावसाळा यांचा मेळ घालणं हेच मोठं अभियांत्रिकी. सर्वेक्षण सगळ्यांच्या पायाशी असतं. टोटल स्टेशन, ड्रोन, उपग्रहाधारित मोजणी यांमुळे त्यात आता भरपूर नवं काम निघालं आहे. बोगदे आणि किनारपट्टीची कामं या स्वतंत्र वाटाही आहेत, पण तिथे बहुतेक जण वरच्याच एखाद्या शाखेतून पोचतात.

मुलगी म्हणून साइटवर जमेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. जमतं. अडचणी आहेत: स्वच्छतागृह, रात्रीची कामं, सुरुवातीला मुकादमाने ऐकून न घेणं. पहिल्या दोन अडचणी नोकरी घेताना स्पष्ट विचारून घ्याव्यात. तिसरी काम येत असलं की काही आठवड्यांत संपते. सरकारी नोकरीत जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, जलसंधारण, जीवन प्राधिकरण, महापालिका असे बरेच दरवाजे आहेत आणि कनिष्ठ अभियंता म्हणून शिरलं तरी वर जाता येतं.

निवडीसाठी पगाराच्या तक्त्यापेक्षा एक गोष्ट बघा: तिला कोणत्या प्रकारची अनिश्चितता सहन होते. स्ट्रक्चरलमध्ये काँक्रीट-लोखंडाचे गुण आपण ठरवून घेतो, म्हणून गणित नेमकं असतं. आमच्याकडे निसर्गाने दिलेली माती आहे तशी घ्यावी लागते. दोन बोअरच्या मध्ये काय आहे ते अनुभवाने ताडावं लागतं. पाण्यात सगळं शक्यतेवर. वाहतूक नियोजनात माणसं कशी वागतील ते धरावं लागतं. काही मुलांना उत्तर नेमकं नसलं की झोप लागत नाही, काहींना तिथेच मजा येते. हे दुसऱ्या वर्षापर्यंत तिचं तिलाच कळेल.

प्रवेश पक्का करण्याआधी तिला घेऊन एकदा कॉलेजात जा आणि प्रयोगशाळा दाखवायला सांगा. मातीच्या प्रयोगशाळेतल्या चाळण्या वापरून झिजल्या आहेत की कोऱ्या आहेत ते बघा. क्यूब फोडण्याच्या यंत्राजवळ फुटलेल्या क्यूबचा ढीग आहे का, सर्वेक्षणाची मुलं उन्हात बाहेर दिसतात का, हे बघा. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत तिला एखाद्या चालू साइटवर पाठवा. बार्शीत एखाद्या बंधाऱ्याचं किंवा रस्त्याचं काम चालू असेल तर तेही पुरेल. जाताना वही, मोजपट्टी आणि बंद बूट. पहिल्या आठवड्यात रिंगांचे आकडे किती अंशांत वाकवले आहेत ते बघायचं, पाया खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीवर मातीचे थर कुठे बदलतात ते काढायचं, आणि साइटवरचं पावसाचं पाणी कुठून कुठे जातं ते लिहून ठेवायचं. पुढचे प्रश्न तिला त्या वहीतूनच पडतील, ते मला पाठवा.